घरी बांधलेल्या विमानासाठी इंधन फिल्टर कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडात गराजमध्ये किट जोडत बसलेले आपले लोक आणि इकडे रोटॅक्स इंजिनावरची मायक्रोलाइट (अगदी हलकी छोटी विमानं) सांभाळणारे, दोघांकडूनही फिरून फिरून हेच प्रश्न येतात. उत्तरं देताना मुख्यतः दोन इंजिनं डोळ्यांसमोर ठेवली आहेत: कार्बोरेटरवालं रोटॅक्स 912 यूएलएस आणि लायकॉमिंगची ओ-320, ओ-360 ही जोडी. इंजेक्शनमुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. इंजिनाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलशी इथलं काही जुळलं नाही, तर मॅन्युअलचं ऐका.

1. मुळात किती फिल्टर लागतात? एकच चांगला महागडा लावला तर भागत नाही का?

भागत नाही, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पहिली जाळी टाकीच्या आउटलेटमध्येच बसते, तिला फिंगर स्ट्रेनर म्हणतात. अमेरिकेच्या प्रमाणित छोट्या विमानांसाठी भाग 23 चे जे नियम 2017 पर्यंत होते, त्यात पिस्टन इंजिनासाठी ही जाळी इंचाला 8 ते 16 मेश असावी असं म्हटलं होतं. म्हणजे चहाच्या गाळणीपेक्षाही ढोबळ. तिने बारीक कचरा अडवावा अशी अपेक्षाच नाही. सीलंटची सुटलेली पापडी किंवा मेलेला किडा आउटलेटच्या तोंडात बसून नळी बंद होऊ नये, एवढंच तिचं काम. जाळीचं मोकळं क्षेत्रफळ आउटलेट नळीच्या किमान पाचपट असावं, असंही त्याच नियमात होतं. एक्सपेरिमेंटल, म्हणजे घरी बांधलेल्या, विमानाला हे कायद्याने बंधनकारक नाही, पण घरी बांधताना हाताशी धरायला याहून चांगलं माप मला माहीत नाही.

दुसरी म्हणजे मुख्य गाळणी, बहुधा गॅस्कोलेटरच्या, म्हणजे खाली पाणी धरणारा कप असलेल्या जाळीच्या, रूपात (प्रश्न 8). इंजिन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं असेल तर पंपाच्या पुढे तिसरा, बारीक फिल्टर. याशिवाय लायकॉमिंगवरच्या कार्बोरेटरच्या इनलेटमध्ये स्वतःची छोटी जाळी असते. ती साफ ठेवायची, पण तिच्या भरवशावर मागचा एखादा फिल्टर वगळायचा नाही.

2. एका डब्यावर मेश लिहिलंय, दुसऱ्यावर मायक्रॉन. तुलना कशी करायची?

मेश म्हणजे एका इंचात किती तारा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेशचा आकडा वाढला की भोक लहान होतं. साधारण 60 मेश म्हणजे 250 मायक्रॉन, 100 मेश म्हणजे 150, 200 मेश म्हणजे 74 आणि 325 मेश म्हणजे 44. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो.

कागदी फिल्टरच्या बाबतीत ‘नॉमिनल’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हे शब्दही बघा. अ‍ॅब्सोल्यूट 10 म्हणजे त्याहून मोठा कण जवळजवळ जाणारच नाही. नॉमिनल 10 म्हणजे त्या मापाचे बरेचसे कण अडतील, सगळे नाही. डब्यावर नुसताच आकडा असेल तर तो नॉमिनल धरून चाला.

3. माझ्या इंजिनाला किती मायक्रॉनचा लावू?

रोटॅक्स 912 च्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांसाठी टाकी आणि पंप यांच्या मधल्या लाइनमध्ये 0.1 मिमीची, म्हणजे 100 मायक्रॉनची जाळी सांगितली आहे. ती हात पोचेल अशा जागी हवी, आणि गाळणी व पाणी धरणारा कप एकत्र असले तर उत्तम. लायकॉमिंग-कार्बोरेटर जोडीला 75 ते 150 मायक्रॉनच्या पट्ट्यातली चांगल्या आकाराची जाळी पुरते.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये इंजेक्टरची भोकं बारीक आणि पंपाच्या आतल्या फटीही बारीक. तिथे पंपाआधी 75 ते 100 मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर 10 मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर, अशी मांडणी रूढ आहे. या दोघांची अदलाबदल करू नका. का, ते प्रश्न 6 मध्ये आहे.

4. जितका बारीक तितका चांगला ना? मग सगळीकडे 10 मायक्रॉनचाच का नको?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि यातली समजूत पूर्ण उलटी आहे. कार्बोरेटरच्या जेटमधून 40 मायक्रॉनचा कण सहज निघून जातो, सिलिंडरमध्ये जळतो किंवा एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. तोच कण 10 मायक्रॉनच्या फिल्टरवर कायमचा बसतो. असे लाखभर कण बसले की इंजिन बंद. कार्बोरेटरला ज्या कचऱ्याचं काहीही वाटलं नसतं, त्या कचऱ्याने विमान शेतात उतरतं.

म्हणून इंजिनाला खरोखर त्रास देईल तेवढाच कण अडवायचा आणि त्यापलीकडे सगळा भर क्षेत्रफळावर द्यायचा. दोन फिल्टर समोर असतील, एक लहान आणि बारीक, दुसरा मोठा आणि जरा ढोबळ, तर कार्बोरेटरवाल्याने दुसरा उचलावा. बाजारात मिळणारे सिंटर्ड ब्राँझचे (ब्राँझची भुकटी दाबून-तापवून केलेले सच्छिद्र) छोटे फिल्टर याच कारणासाठी मला आवडत नाहीत: क्षेत्रफळ बोटाच्या पेराएवढं, कचरा आतल्या छिद्रांमध्ये जाऊन बसतो आणि धुतला तरी पूर्ण निघत नाही. जाळी स्वच्छ झाली की नाही हे उजेडासमोर धरून कळतं. ब्राँझचं कळत नाही.

5. फिल्टरमधून पुरेसं इंधन जातंय हे कसं ठरवायचं? डब्यावर लिहिलेला फ्लो धरू का?

डब्यावरचा आकडा नव्या, कोरड्या, एकट्या फिल्टरचा असतो. तुमच्या विमानात त्याच्या मागे टाकी, व्हॉल्व्ह, चार-पाच कोपरे आणि पुढे पंप असतो. त्यामुळे मोजणं पूर्ण सिस्टिमचं करायचं, तेही कार्बोरेटरच्या तोंडाशी.

आधी हिशेब. 912 यूएलएस टेकऑफ पॉवरला तासाला सुमारे 27 लिटर पितं. त्याच भाग 23 मधला निकष असा: पंप असेल तर टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर असेल तर 150 टक्के. म्हणजे पंपाने तासाला 33.75 लिटर, गुरुत्वाकर्षणाने 40.5 लिटर. बादलीच्या भाषेत सांगायचं तर 10 लिटर पंपावर पावणेअठरा मिनिटांत आणि गुरुत्वाकर्षणावर पंधरा मिनिटांच्या आत पडले पाहिजेत. इंजिनाचा खप माहीत नसेल तर दर अश्वशक्तीमागे तासाला पाव किलो पेट्रोल धरा आणि 0.72 ने भागून लिटर काढा. हा अंदाज थोडा जास्तीचा येतो, ते बरंच आहे.

आता चाचणी. नाक वर करा, तुमच्या सगळ्यात तीव्र चढाईच्या कोनापेक्षाही थोडं जास्त. टेलड्रॅगर असेल तर शेपटीचं चाक खड्ड्यात घालून हे जमतं, नाहीतर पुढचं चाक रॅम्पवर चढवावं लागतं. टाकीत वापरता येणारं इंधन अगदी थोडं ठेवा. कार्बोरेटरकडची नळी सोडून मापाच्या कॅनमध्ये घ्या. दोन पंप असतील तर प्रत्येकाची चाचणी एकट्याने घ्या, कारण एक बंद पडल्यावर दुसऱ्याने इंजिन चालवायचं असतं. हे सगळं उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून आणि विमान व कॅन तारेने एकमेकांना जोडून.

एवढ्यावर मी थांबत नाही. मुख्य जाळीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट झाकून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. अर्ध्या जाळीवरही आकडा निघाला तर फिल्टरचा आकार योग्य आहे. नाही निघाला तर मोठा घ्या. फॉइल काढायला मात्र विसरायचं नाही, त्याची चिठ्ठी कॉकपिटमध्ये लटकवा.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या उड्डाणाआधी इंधन सिस्टिमची अशी प्रत्यक्ष चाचणी सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. एका संध्याकाळचं काम आहे.

6. फिल्टर पंपाच्या आधी लावू की नंतर?

ढोबळ आधी, बारीक नंतर. पंप ज्या बाजूने ओढतो तिथे फिल्टरने अडथळा केला की नळीतला दाब आणखी पडतो, आणि दाब पडला की पेट्रोल कमी तापमानाला उकळायला लागतं. नळीत वाफेचे बुडबुडे, पंपाच्या तोंडात वाफ, पुढे काहीच नाही: हाच व्हेपर लॉक. 10,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तिथे मुळातच कमी वाव. मे महिन्यात विदर्भात उन्हात तापलेलं विमान घेऊन चढाई केली तर वरचं आणि खालचं दोन्ही संकट एकदम.

पंपाच्या पुढच्या बाजूला मात्र दाब असतो, तिथे बारीक फिल्टरने थोडा दाब खाल्ला तरी वाफ होत नाही. फक्त तो फिल्टर त्या दाबाचा हवा. रोटॅक्सच्या कार्बोरेटरला 0.15 ते 0.4 बार लागतो, पण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये 3 बारच्या घरात दाब असतो, आणि कार्बोरेटरसाठी बनवलेला फिल्टर तिथे फुटतो.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. रिटर्न लाइन (जादा इंधन टाकीत परत नेणारी नळी) असेल तर पंप जेवढं फेकतो तेवढं सगळं फिल्टरमधून जातं, इंजिन जाळतं तेवढंच नाही. इंजेक्शनमध्ये हे खपाच्या कितीतरी पट असू शकतं. फिल्टरचा आकार पंपाच्या फ्लोवर ठरवा.

7. मोटारीच्या किंवा बाइकच्या दुकानातला फिल्टर चालेल का? किंमत दहा पट कमी आहे.

किंमत हा मुद्दा नाही. कोणता आणि कुठे लावताय, हा आहे. मोटारीच्या इंजेक्शनचा धातूच्या कवचातला फिल्टर चांगल्या कंपनीचा असेल तर एक्सपेरिमेंटल विमानांत सर्रास वापरला जातो आणि चांगला चालतो. बाइकचा प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्या मधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, अजिबात नको. आग लागली तर तो काही सेकंदांत वितळतो आणि पेट्रोल थेट आगीवर ओततो. उष्णतेने त्याची नळीची टोकं ठिसूळ होऊन क्लॅम्पखाली तडकतात, ते वेगळंच.

कागदी घटकाची आणखी एक खोड आहे. पाणी लागलं की कागद फुगतो आणि फ्लो पडतो. म्हणून कागदी फिल्टरच्या आधी पाणी काढणारी व्यवस्था हवीच. जोडणी बघताना कोन तपासा: विमानाच्या एएन फिटिंगचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेल्या टोकाचा उतार, 37 अंशांचा, मोटारीच्या बऱ्याच फिटिंगचा 45 अंशांचा. दोन्ही एकमेकांवर चढतात, घट्टही बसल्यासारखे वाटतात आणि नंतर गळतात.

8. गॅस्कोलेटर हवाच का? इंजेक्शनवाले तर काढून टाकतात.

गॅस्कोलेटर म्हणजे जाळी आणि खाली पाणी-गाळ साठणारा कप, तळाशी ड्रेन. तो सिस्टिमच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर असेल तरच उपयोगाचा. अनेक किटमध्ये तो फायरवॉलवर सोयीच्या उंचीला बसवलेला दिसतो आणि खरं पाणी त्याच्या मागच्या नळीच्या पोटात साठतं. विमान जमिनीवर उभं असतानाचा कोन धरून सगळ्यात खालचा बिंदू शोधा.

कार्बोरेटरवाल्यांसाठी माझं उत्तर हो, हवा. इंजेक्शनमध्ये मात्र पंपानंतरच्या दाबाला बहुतेक गॅस्कोलेटर टिकत नाहीत आणि पंपाआधी लावला तर गॅस्केटमधून हवा ओढली जाण्याची भीती. पेट्रोल गळत नाही म्हणून ही हवा कळतही नाही. अशांनी प्रत्येक टाकीच्या तळाशी खोलगट संप आणि ड्रेन ठेवला तर गॅस्कोलेटर नसणं चालतं. काचेच्या नळीच्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या फिल्टरलाही हाच हवेचा आजार आहे. कंपनाने आटे ढिले होतात.

9. टाकी नवी, नळ्या नव्या. मग कचरा येतो कुठून?

बांधणाऱ्याच्या हातून. नव्या विमानाच्या पहिल्या तासांत निघणारा कचरा बघितला तर त्यात टाकी बांधतानाचा अ‍ॅल्युमिनियमचा कीस, फायबरग्लासची धूळ, पॉलिसल्फाइड सीलंटचे तुकडे आणि रबर असतं. रबराचा तुकडा ओळखायला सोपा: काळा, चंद्रकोरीसारखा, नखाच्या कातरणाएवढा. कोरडी होज बार्बवर, म्हणजे ती ज्या खाचदार टोकावर बसते त्यावर, जोर लावून चढवली की बार्बची धार आतून रबर सोलते आणि हा काप सुटतो. होज धारदार पात्याने सरळ कापा, करवतीने नाही. बार्बला तेलाचं बोट लावा आणि जोडण्याआधी प्रत्येक होजमधून हवा मारा.

टेफ्लॉन टेप इंधनाच्या आट्यांवर लावू नका. तिचे धागे सुटतात आणि जाळीवर गुंडाळून बसतात किंवा, जाळीच्या पुढच्या जोडणीतून सुटले तर, थेट कार्बोरेटरच्या फ्लोट व्हॉल्व्हखाली. हा दुसरा प्रकार सगळ्यात वाईट: फिल्टरच्या पुढच्या प्रत्येक जोडणीतला कचरा न गाळता जातो, म्हणून तिथली सफाई दुप्पट काटेकोर हवी. रोटॅक्सच्या कार्बोरेटरमधल्या आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक आहे. जुन्या विमानात होजच आतून सुटायला लागते. रोटॅक्सवर रबरी होज पाच वर्षांनी बदलायच्या असतात, दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी.

10. इथे पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलच मिळतं. फिल्टरने इथेनॉल किंवा पाणी काढता येईल का?

इथेनॉल नाही, कुठल्याही फिल्टरने नाही. ते पेट्रोलमध्ये विरघळलेलं असतं. आणि प्रश्न फिल्टरपुरता राहत नाही: रोटॅक्स 912 ला ई10 पर्यंत परवानगी आहे, लायकॉमिंगला इथेनॉल मुळीच चालत नाही. ई20 चा ऑक्टेन 95 आहे आणि 912 यूएलएसलाही 95 च लागतो, त्यामुळे ‘ऑक्टेन जुळतोय, घाला’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. ऑक्टेन जुळला तरी इथेनॉलची मर्यादा ओलांडलेलीच असते.

फिल्टरच्या दृष्टीने इथेनॉल तीन गोष्टी करतं. टाकीतला जुना चिकट थर सोडवून तो जाळीवर आणतं. जुन्या फायबरग्लास टाकीचं रेझिन आणि आतून फिरवलेलं सीलिंग कंपाउंड मऊ करतं, मग त्याच्या पापड्या सुटतात. आणि हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर उभी राहिली की विरघळलेलं पाणी एका मर्यादेनंतर इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं. त्या थराने इंजिन चालत नाही आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही पडलेला असतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का हे बघायला 100 मिलीच्या काचेच्या मापात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घालून हलवा, मग दहा मिनिटं ठेवा. खालचा थर 10 च्या रेषेवरच असेल तर इथेनॉल नाही. ई20 असेल तर तो थर 25 च्या पुढे जातो.

पर्याय म्हणजे अ‍ॅव्हगॅस 100 एलएल, विमानांसाठीचं खास पेट्रोल. पूर्वी ते आयातच व्हायचं. इंडियन ऑइलने सप्टेंबर 2022 मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं बाजारात आणलं. त्यात शिसं असतं, म्हणून रोटॅक्समध्ये ते नियमित वापरलं तर इंजिन ऑइल लवकर बदलावं लागतं.

11. जेरिकॅनमधून भरताना फनेलचा फिल्टर लावतो. मग विमानातला छोटा चालेल ना?

फनेलची जाळी लावाच, पण विमानातला फिल्टर त्यावरून लहान करू नका. प्रश्न 9 मधला बहुतेक कचरा टाकीच्या तोंडानंतरच तयार होतो. टेफ्लॉन लेप दिलेल्या जाळीचे फनेल मोकळं पाणी अडवतात. इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी त्यातून सरळ जातं. प्लॅस्टिकचा कॅन गाडीच्या डिकीतल्या कार्पेटवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. स्थिर विजेची ठिणगी तिथेच पडते.

12. किती तासांनी उघडून बघायचा?

मॅन्युअलमधलं वेळापत्रक जुळून आलेल्या इंजिनासाठी असतं. नव्या विमानात पहिल्या ग्राउंड रननंतर, पहिल्या उड्डाणानंतर, मग 5 आणि 10 तासांना उघडा. सलग दोनदा स्वच्छ निघाला तर 25, पुढे 50 तास किंवा वार्षिक तपासणी, जे आधी येईल ते. टाकीला हात लागला, होज बदलली किंवा इंधनाचा प्रकार बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

उघडल्यावर नुसतं धुऊन परत बसवू नका. आतलं पेट्रोल पांढऱ्या कॉफी-फिल्टरच्या कागदावर ओता, वाळू द्या आणि भिंगाखाली बघा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, म्हणजे कॅन किंवा पंप. चमकतं पण चिकटत नाही तर अ‍ॅल्युमिनियम. बंद कवचाचा फिल्टर पाइप कटरने कापा, करवतीने कापलात तर करवतीचाच कीस मोजत बसाल.

13. उडताना फिल्टर तुंबतोय हे कसं कळेल?

फिल्टरच्या पुढे इंधन दाबाचा गेज असेल तरच वेळेवर कळेल. तुंबणारा फिल्टर क्रूझमध्ये, म्हणजे सरळ उड्डाणात, गप्प असतो आणि टेकऑफ किंवा लांब चढाईत, म्हणजे सगळ्यात नको त्या वेळी, दाब खाली आणतो. थ्रॉटल कमी केला की दाब परत येतो आणि इंजिन सुरळीत होतं. हीच त्याची खूण. बूस्ट पंप (विजेवरचा जादा पंप) लावून सुधारलं तर आनंद मानू नका, उतरा आणि उघडा. गुरुत्वाकर्षणावरच्या विमानात दाब इतका कमी असतो की गेजचा फारसा उपयोग नाही, तिथे प्रश्न 5 ची चाचणी आणि प्रश्न 12 चं वेळापत्रक हाच आधार.

14. तुंबला तर बायपास असावा, किंवा दोन फिल्टर समांतर लावावेत. बरोबर ना?

ऑइल फिल्टरला बायपास असतो कारण ऑइल नसण्यापेक्षा घाण ऑइल बरं. इंधनात बायपास उघडला की साठलेला सगळा कचरा एकदम जेटकडे जातो. मी लावणार नाही.

समांतर लावलेले दोन फिल्टर एकाच टाकीतलं तेच पेट्रोल गाळतात आणि जवळपास एकाच वेळी तुंबतात. मिळतं ते दुप्पट क्षेत्रफळ, दुसरा आधार नव्हे. दुप्पट क्षेत्रफळच हवं असेल तर एक मोठा फिल्टर घ्या, चार जोडण्या वाचतील.

15. दोन टाक्या आहेत. सिलेक्टरच्या (टाकी निवडायच्या व्हॉल्व्हच्या) आधी प्रत्येकीला वेगळा, की नंतर एकच?

लो-विंग (पंख खालच्या बाजूला) आणि डावी-उजवी सिलेक्टर असेल तर प्रत्येक टाकीला वेगळी मोठी जाळी मला पसंत आहे. एक तुंबली तर दुसरी टाकी खरोखर दुसरा मार्ग ठरते. सिलेक्टरनंतर एकच असेल तर टाकी बदलून काहीच बदलत नाही.

हाय-विंगमध्ये (पंख वर असलेल्या विमानात) दोन्ही टाक्या एकत्र वाहत असतील तर गोष्ट वेगळी. दोन फिल्टर थोडे जरी असमान तुंबले तरी एक टाकी लवकर रिकामी होते. तिथे दोन्ही टाक्यांत फिंगर स्ट्रेनर आणि एकत्र आल्यावर एक मुख्य गाळणी, हे बरं. एक बाजू भराभर उतरताना दिसली तर व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) तपासाच, पण त्या बाजूचा नव्हे, न उतरणाऱ्या बाजूचा स्ट्रेनर काढून बघा.

16. फिल्टर बदलला. लगेच उडू का?

नाही. आधी कवचावरचा बाण इंजिनाकडे आहे ना ते बघा, उलटे बसवलेले फिल्टर दरवर्षी कुठे ना कुठे सापडतात. बूस्ट पंप लावून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. नळीत अडकलेली हवा काही मिनिटांनी इंजिनापर्यंत पोचते, म्हणून विमान बांधून पूर्ण पॉवरवर किमान दोन-तीन मिनिटं चालवा, तापमानावर लक्ष ठेवून. बंद करून पुन्हा गळती तपासा, सेफ्टी वायर घाला, गॅस्कोलेटरमधून एक कप काढून उजेडात धरा आणि लॉगबुकमध्ये फिल्टरचा पार्ट नंबर व तास लिहून मगच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, लावा.